स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल घरी बदलताना : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पाना हातात घ्यायला कचरत नाहीत अशांसाठी आहे. गाडी मस्टँग असो, टीटी, झेड४, केमन, नाहीतर ऑक्टाव्हिया आरएससारखी दिसायला साधी पण पळायला तेज. खाली दिलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीबाबत शेवटचा शब्द तिच्या मॅन्युअलचा.

हे खरंच घरी जमतं का?

जमतं. जुनं ऑइल काढणं, फिल्टर बदलणं, नवं ओतणं, यात गूढ काही नाही. ज्याने कधी बुलेटचं ऑइल स्वतः बदललं आहे त्याला निम्मं काम येतं. फरक पडतो तो गाडीखाली. स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम ११ ते १३ सेंटिमीटर वर असते, पोटाखाली स्क्रूंनी गच्च बसवलेला ट्रे असतो, चेंबर (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी) बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि ऑइल साध्या गाडीच्या दीडपट-दुप्पट बसतं. म्हणजे ऑइल बदलणं सोपं आणि गाडी उचलणं अवघड. या पानावर जॅक आणि ऑइलची लेव्हल यांच्यावर जास्त लिहिलं आहे ते त्यामुळेच.

पैसे किती वाचतील?

पहिल्या वर्षी बहुतेक काहीच नाही. खर्चाचा मोठा वाटा ऑइलचा असतो आणि तो कुठेही गेलात तरी चुकत नाही. वाचते ती मजुरी, पण लो-प्रोफाइल जॅक, दोन-चार घोड्या (गाडीला खालून टेकू देणारे लोखंडी स्टँड), टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने आवळायचा पाना) आणि गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट घेतला की ती मजुरी केव्हाच खर्ची पडलेली असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून हिशेब तुमच्या बाजूने झुकतो.

पैशासाठी करत असाल तर राहू द्या. हे करायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. वर्षातून एकदा तुम्ही स्वतः गाडीखाली जाता, चेंबरला कुठे घासलंय ते बघता, बुशिंग चिरलेत का, कूलंटचा एखादा थेंब लटकतोय का, टायरची आतली बाजू एकीकडूनच झिजली आहे का, हे तुमच्या डोळ्यांना दिसतं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी आत जाते आणि धुऊन बाहेर येते. खाली काय होतं ते तुमच्यापर्यंत पोचतंच असं नाही.

गाडी वॉरंटीत आहे. बदललं तर वॉरंटी जाईल का?

२०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांविरुद्ध जो आदेश दिला, त्यात बाहेरच्या वर्कशॉपात काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. कागदावर हे ठीक आहे. पण उद्या टर्बो गेला आणि कंपनीने विचारलं की ऑइल कोणी बदललं, कुठलं टाकलं, केव्हा टाकलं, तर शोरूमच्या काचेच्या टेबलाशी बसून हा आदेश वाचून दाखवण्यात काही मजा नाही. माझं स्पष्ट मत असं की वॉरंटी संपेपर्यंत कंपनीकडेच करा. फार हौस असेल तर दोन कंपनी सर्व्हिसच्या मधोमध एक जादाची बदली घरी करा, बिलं जपून ठेवा आणि कंपनीचं वेळापत्रक मोडू नका.

आमचे मेस्त्री म्हणतात, "नागपूरचं ऊन आहे भाऊ, २०डब्ल्यू-५० टाका." बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०डब्ल्यू-५० ही घट्ट ऑइलची ग्रेड. मेस्त्रींचं म्हणणं जुन्या इंजिनांपुरतं चुकीचं नव्हतं. पण ऑइल बाहेरच्या हवेच्या तापमानाला काम करत नाही, इंजिनच्या तापमानाला करतं. थर्मोस्टॅट कूलंटला साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल १०० च्या जवळपास फिरतं. बाहेर जानेवारीची सकाळ असो की नवतपा, इंजिन गरम झाल्यावर ऑइलला फार मोठा फरक कळत नाही. उन्हाळ्यात रेडिएटरच्या हातात राखीव ताकद कमी राहते एवढं खरं. वर्धा रोडवरच्या जाममध्ये एसी लावून उभं राहिलात तर ऑइलचं तापमान चढतं. पण कंपनीने ते धरूनच ग्रेड ठरवलेली असते.

ग्रेडमधला दुसरा आकडा सांगतो की १०० अंशांवर ऑइल किती घट्ट राहील. ४० च्या ग्रेडला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप), ५० च्या ग्रेडला १६.३ ते २१.९. आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर चालतं, बारीक सोलेनॉइडमधून (विजेवर चालणाऱ्या झडपांमधून) ऑइल जातं, आणि टर्बोच्या बेअरिंगला पहिल्या काही सेकंदांत ऑइल पोचावं लागतं. घट्ट ऑइल तिथे उशिरा पोचतं. म्हणजे इंजिन वाचवायला टाकलेलं ऑइल त्यालाच त्रास देतं.

आता पहिल्या आकड्याचं. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. ०डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला तेव्हा शहरभर शेकोट्या पेटल्या होत्या, पण या ऑइलांच्या हिशेबाने ती थंडी नव्हेच. त्यामुळे "०डब्ल्यू आपल्याला काहून पाहिजे?" हा प्रश्न रास्त आहे. थंडीसाठी नकोच आहे. तरीही मॅन्युअल ०डब्ल्यू-४० म्हणत असेल तर तेच टाका, कारण त्या ग्रेडसोबत कंपनीची मान्यता येते, आणि खरी गोष्ट ती आहे.

मान्यता म्हणजे काय? डब्यावर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलंय, तेवढं पुरत नाही का?

नाही पुरत. डब्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते. मागची बाजू वाचा. पोर्शेची ए४०, फोक्सवॅगन-ऑडीची ५०२ ०० किंवा ५०४ ००, बीएमडब्ल्यूची एलएल-०१ किंवा एलएल-०४, मर्सिडीजची २२९.५ अशी नावं तिथे बारीक अक्षरात छापलेली असतात. तुमच्या मॅन्युअलमधलं नाव डब्यावर शब्दशः सापडलं पाहिजे. 'मान्यताप्राप्त' आणि 'साठी योग्य' या दोन शब्दांत फरक आहे. पहिल्यात गाडीच्या कंपनीने तपासून होकार दिलेला असतो, दुसऱ्यात ऑइल विकणारा स्वतःच सांगतो की चालेल.

एक्झॉस्टमध्ये कणांचा फिल्टर असलेली गाडी असेल तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. डायरेक्ट इंजेक्शन आणि टर्बो असेल तर एपीआय एसपी हा २०२० मध्ये आलेला दर्जा बघा. इंजिन कमी वेगावर असताना जोर दिला की ठिणगी पडण्याआधीच होणारा पेट आवरण्याची चाचणी त्यात आहे.

मॅन्युअल ३० आणि ४० दोन्हींना परवानगी देत असेल तर नागपुरात मी ४० उचलेन. परवानगी नसेल तर नाही.

ऑइल घेताना नकली डबा कसा ओळखायचा?

नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून दुकान ओळखा. कंपनीच्या नोंदणीकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घ्या, सगळ्या डब्यांचा बॅच नंबर आणि तारीख जुळते का पाहा, झाकणाखालची सील तुमच्या हाताने फोडा. बाजारभावाच्या निम्म्यात मिळालं तर ते स्वस्त नसतं.

आणि एक काम कोणी करत नाही, ते करा. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी सुरीने उभा चिरा, लेबल फाडा, झाकण वेगळं टाका. चांगले रिकामे डबे पुन्हा भरले जातात. तो डबा परत तुमच्याच गल्लीतल्या कोणाच्या तरी गाडीत जायला नको.

किती लिटर आणू?

इंजिनवर अवलंबून. भारतात २०१६ पासून विकल्या गेलेल्या मस्टँग जीटीच्या पाच लिटरी व्ही८ ला सुमारे ७.६ लिटर लागतं. बीएमडब्ल्यूच्या बी५८ या सहा सिलिंडरच्या इंजिनाला ६.५. टीटी आणि ऑक्टाव्हिया आरएसमधल्या दोन लिटरच्या टर्बोला साधारण ५.७. लागेल त्यापेक्षा एक लिटर जास्त घरात असू द्या. वर्षभरात थोडं वरून घालायची वेळ येतेच.

गाडी कुठे उचलू? आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक आहेत.

पेव्हर ब्लॉकवर नुसता जॅक लावू नका. जॅकची लोखंडी चाकं फटीत अडकतात, आणि गाडी वर जाताना जॅकला पुढेमागे सरकावं लागतं. तो सरकला नाही तर गाडी सरकते. खाली १८ मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा टाका, जॅक आणि घोडी दोन्ही त्यावर मावतील एवढा. रस्त्यावर डांबरावर करायचा विचार असेल तर मे महिन्यात सोडूनच द्या. दुपारी डांबर इतकं मऊ होतं की घोडीचे पाय रुततात, आणि एकच पाय रुतला तर घोडी कलते. सपाट सिमेंटची जागा सगळ्यात उत्तम. उताराची जागा कधीच नको.

सचिवांना आधी सांगून ठेवा. ऑइलच्या डागावरून स्कीमच्या मीटिंगमध्ये होणारी चर्चा इंजिनच्या आवाजापेक्षा मोठी असते.

जॅक आणि घोड्यांबद्दल जरा नीट सांगा.

हाच भाग नीट वाचा. बाकी सगळ्या चुका पैशांत मोजता येतात.

साधा ट्रॉली जॅक सर्वांत खाली असतानाही १३-१४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे तो तुमच्या गाडीखाली जाणारच नाही. ८-९ सेंटिमीटरचा लो-प्रोफाइल जॅक लागेल. नाहीतर आधी पुढची चाकं दोन जाड फळ्यांवर चढवा, म्हणजे चार सेंटिमीटर मिळतात आणि जॅक आत जातो. रॅम्प वापरणार असाल तर लांब आणि कमी चढाचे घ्या. साध्या रॅम्पवर चाक पोचण्याआधी पुढचा बंपर पोचतो.

टेकू कुठे द्यायचा ते मॅन्युअलमध्ये चित्रासह असतं. दाराखालच्या कडेला ठरलेल्या जागा असतात, तिथे रबरी पॅडशिवाय लोखंड लावलं तर ती कड दुमडते. चेंबरला, ट्रेला किंवा एक्झॉस्टच्या पाइपला जॅक कधीही नको. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा.

नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नये. जॅकच्या आतलं हायड्रॉलिक सील केव्हा दगा देईल ते कोणी सांगू शकत नाही. घोडी लावा, गाडीचं वजन घोडीवर सोडा, मग बंपरला धरून गाडी चांगली हलवून पाहा. हलवायचीच भीती वाटत असेल तर खाली जायची हिंमत कशाला करता? काढलेलं चाक किंवा एखादा जाड ओंडका बाजूने खाली सरकवून ठेवा, शेवटचा राखीव म्हणून. आणि घरातल्या कोणाला तरी सांगा की तुम्ही गाडीखाली आहात.

जमल्यास चारही बाजूंनी सारखी उचला. पुढूनच उचलली आणि ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा बोल्ट) चेंबरच्या पुढच्या बाजूला असेल, तर पाव-अर्धा लिटर जुनं ऑइल मागच्या खोबणीत बसून राहतं.

ऑइल काढण्याआधी इंजिन किती गरम करायचं?

पुस्तकं म्हणतात दहा मिनिटं चालवा. ती पुस्तकं थंड देशांतली आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीचं ऑइल सकाळीही बरंच पातळ असतं. दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा, तळाची घाण हलली की बंद करा. डिसेंबर-जानेवारीत सात-आठ मिनिटं द्या.

समृद्धीवरून येऊन लगेच बोल्ट उघडू नका. ऑइल १०० अंशांच्या आसपास असतं आणि ते मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. एक्झॉस्टचे पाइप त्याहून कितीतरी तापलेले असतात.

ड्रेन बोल्ट उघडताना काय सांभाळायचं?

आधी वरचं ऑइल भरायचं झाकण सैल करा, ओघ नीट येतो. बोल्टला अचूक मापाची गोटी लावा. ढिला बसणारा पाना कोपरे खातो. बोल्ट सुटला की शेवटचे आटे हाताने फिरवा, आणि फिरवताना बोल्ट वरच दाबून धरा. आटे संपले हे बोटांना कळतं. मग एका झटक्यात बाजूला घ्या. पहिला फवारा सरळ खाली पडत नाही, चेंबरमधल्या ऑइलच्या दाबामुळे पुढे जातो, म्हणून घमेलं थोडं पुढे ठेवा. धार बारीक होत गेली की ती मागे येते, तसं घमेलंही मागे सरकवा. आठ लिटर मावेल असं घमेलं घ्या. काठोकाठ भरलेलं घमेलं गाडीखालून ओढून काढणं हा वेगळाच खेळ आहे.

हातात नायट्राइलचे मोजे असू द्या. वापरलेलं ऑइल कातडीला पुन्हापुन्हा लागणं चांगलं नाही.

बोल्ट किती आवळायचा? मेस्त्री तर अंदाजानेच आवळतात.

त्यांचा हात रोजचा आहे. आपला नाही. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये लोखंडी बोल्ट जास्त आवळला की चेंबरचे आटे जातात, आणि मग तीस रुपयांच्या वायसरच्या कामाचं रूपांतर नव्या चेंबरच्या बिलात होतं. टॉर्क रेंच घ्या. बी५८ मध्ये ड्रेन बोल्टलाही २५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) आणि फिल्टरच्या झाकणालाही २५. झाकणावर तर आकडा छापलेलाच असतो. टीटीच्या दोन लिटर इंजिनात बोल्टला ३०, आणि तो बोल्ट दर वेळी नवा घालायचा असतो. काही नव्या गाड्यांत चेंबर आणि बोल्ट दोन्ही प्लास्टिकचे आहेत, तिथे तर पाव फेऱ्याचा मामला असतो. जुना प्लास्टिक बोल्ट परत लावू नका.

वायसर दर वेळी नवा. तांब्याचा असो की ॲल्युमिनियमचा, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो.

फिल्टर?

दोन प्रकार. डब्यासारखा फिरवून बसणारा असेल तर जुना काढल्यावर इंजिनच्या तोंडावर हात फिरवून पाहा. जुनी रबरी रिंग कधीकधी तिथेच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा एकावर एक येतात, इंजिन सुरू करताक्षणी दाबाने एक निसटते आणि सगळं ऑइल जमिनीवर. नव्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावा, रिंग टेकली की हाताने आणखी पाऊण फेरा. पान्याने नाही.

कागदी गाभ्याचा असेल तर टोपणाच्या सगळ्या ओ-रिंगा बदला. पाकिटात दोन-तीन मापांच्या असतात, कुठली कुठल्या खाचेत होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बऱ्याच जर्मन गाड्यांत हा फिल्टर वरून निघतो आणि ३२ मिलिमीटरची गोटी लागते.

जुना फिल्टर लगेच फेकू नका. गाभ्याच्या घड्या उघडून उन्हात धरा. काळी बुळबुळीत बारीक भुकटी चालते. नखाएवढे सोडाच, तांदळाच्या कणीएवढे चमकदार तुकडेही दिसले तर चालत नाही. लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर लोखंड, म्हणजे चेन, कॅम किंवा पिस्टनच्या रिंगांकडे संशय. न चिकटणारे पिवळसर किंवा रुपेरी असतील तर बेअरिंगकडे. अशा वेळी नवं ऑइल ओतून गाडी फिरवायला काढू नका, चांगल्या वर्कशॉपला फोन करा.

निघालेलं ऑइल काळंकुट्ट होतं. इंजिन खराब आहे का?

काळं होणं हे ऑइलचं कामच आहे. काजळी धरून ठेवण्यासाठीच त्यात डिटर्जंट असतात. घाबरायचं ते दुधाळ रंगाला, कारण त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असतं. झाकणाखाली हिवाळ्यात थोडी फिकट साय दिसली तर ती बहुधा बाष्पाची असते, धरमपेठ ते सदर एवढ्याच फेऱ्या झाल्या की जमते. पण घमेल्यातलं सगळंच ऑइल दुधाळ असेल आणि कूलंटही कमी झालं असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासून घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि लेव्हल आपोआप वाढलेली दिसत असेल, तर छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय.

नवं ऑइल सगळं एकदम ओतू का?

नाही. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. झाकण लावा, इंजिन सुरू करा, ऑइलचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे. तोवर ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, टर्बो असेल तर मुळीच नाही. दिवा विझला नाही तर लगेच बंद. मिनिटभर इंजिन चालू ठेवून बंद करा, टॉर्च घेऊन बोल्ट आणि फिल्टर बघा, मग गाडी सपाट जमिनीवर उतरवून लेव्हल घ्या.

डिपस्टिकच नाही. मग लेव्हल कशी बघू?

पोर्शे, बीएमडब्ल्यू आणि बऱ्याच ऑडींमध्ये आता डिपस्टिक नसते, सेन्सर असतो आणि लेव्हल स्क्रीनवर दिसते. त्याच्या अटी असतात. कुठे इंजिन पूर्ण गरम लागतं, कुठे चालू लागतं, गाडी सपाट जागी हवीच. थंड इंजिनवर स्क्रीन काही दाखवत नाही किंवा जुनाच आकडा दाखवते, आणि माणूस कमी समजून आणखी एक लिटर ओततो. थोडी फेरी मारा, गाडी सपाट उभी करा, मोजमाप पूर्ण होईपर्यंत थांबा, मग पाव-पाव लिटर घाला.

९११ जीटी३ किंवा आर८ सारख्या ड्राय संप गाड्यांत ऑइल चेंबरमध्ये नसून वेगळ्या टाकीत असतं. तिथे ड्रेन बोल्टही एकापेक्षा जास्त असतात आणि लेव्हल गरम इंजिनवरच बघायची असते. एकच बोल्ट उघडून निम्मं ऑइल काढायचं आणि वर पुरा आकडा ओतायचा, हा अपघात या गाड्यांत सहज होतो.

जास्त पडलं तर? थोडं जास्त चांगलंच ना?

चांगलं नाही. क्रँक त्यात बुडून फिरला की ऑइलचा फेस होतो, आणि फेसात हवा असते. बेअरिंगला हवा चालत नाही. शिवाय जादा ऑइल इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, जातं, निळा धूर येतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. डिपस्टिकची नळी असेल तर हातपंपाने वरूनच ओढून घ्या. नसेल तर पुन्हा खाली जाणं आलं. म्हणूनच आधी कमी ओतायचं.

वरूनच पंपाने ऑइल काढलं तर खाली जायची गरजच नाही, नाही का?

ज्या गाडीला डिपस्टिकची नळी आहे आणि फिल्टर वर आहे तिच्यात हे चालतं. पण मग चेंबर, ट्रे, टायर हे काहीच बघितलं जात नाही. एका वर्षी पंप, एका वर्षी खालून, असं मला पटतं.

किती किलोमीटरवर बदलायचं? माझी गाडी वर्षाला तीन हजारही चालत नाही.

किलोमीटर विसरा, कॅलेंडर बघा. नागपुरातल्या बहुतेक स्पोर्ट्स कार चालत कमी आणि उभ्या जास्त असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी तर्री-पोह्यांपर्यंत एक चक्कर, उन्हाळ्यात झाकण, पावसाळ्यात पुन्हा झाकण. जुन्या ऑइलमध्ये आम्ल, ओलावा आणि थोडं पेट्रोल साठलेलं असतं, आणि ते बेअरिंगांना लागून महिनोन्‌महिने उभं राहतं. म्हणून वर्षातून एकदा, धाव कितीही कमी असली तरी. रोज चालणारी असेल तर सात-आठ हजार किलोमीटर.

महिना विचाराल तर जूनचा पहिला आठवडा, पाऊस लागायच्या आधी, सकाळी सहाला. चार महिने गाडी उभी राहणार असेल तर ती ताज्या ऑइलवर उभी राहू द्या. बरेच जण दिवाळीआधी बदलतात. ते सोयीचं आहे, पण पावसाळाभर घाणेरडं ऑइल पोटात राहिलेलं असतं.

समृद्धीवर सतत १२० ने गेल्यावर ऑइल लवकर जळतं का?

उलट. १२० ची मर्यादा पाळून वरच्या गिअरमध्ये जाणारं साडेतीनशे-चारशे अश्वशक्तीचं इंजिन जवळपास झोपलेलं असतं, हवाही भरपूर मिळते. ७०१ किलोमीटरच्या त्या प्रवासापेक्षा सीताबर्डीतला अर्धा तास ऑइलला जड जातो. लांब जाण्याआधी लेव्हल मात्र बघा. काही इंजिनं हजार किलोमीटरला थोडं ऑइल पितातच.

ॲडिटिव्ह, फ्लश, इंजिन ट्रीटमेंट?

नको. चांगल्या ऑइलमध्ये लागतं ते सगळं मोजून घातलेलं असतं.

जुन्या ऑइलचं काय करू? सेंट्रिंगवाला मागतोय.

सेंट्रिंगच्या पाट्यांना, शेताच्या खांबांना, वाळवीला जळकं ऑइल लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. देऊ नका. त्यात जड धातू असतात आणि ते शेवटी मातीत जातं. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करायची परवानगी अधिकृत उद्योगांनाच आहे. घरच्या माणसासाठी सोपा मार्ग म्हणजे ते नव्या ऑइलच्याच डब्यांत परत भरायचं आणि आपल्या ओळखीच्या मोठ्या वर्कशॉपला द्यायचं. त्यांच्याकडे उचलून नेणारा ठरलेला असतो. देण्याआधी "तुमचं ऑइल कोण नेतं?" हे विचारा. कूलंट किंवा पेट्रोल त्यात मिसळू नका, मग कोणी घेत नाही. शंका असेल तर सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आहे.

नालीत तर मुळीच नाही. शहरातल्या नाल्या नाग नदीला जातात, नाग पुढे कन्हानला मिळते, आणि ते पाणी वैनगंगेवरच्या गोसीखुर्दपर्यंत पोचतं.

फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या. सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाका, पायाने रगडा, तासाभराने झाडून घ्या. पाणी मारू नका, डाग पसरतो.

ट्रे परत लावताना दोन स्क्रू उरले. चालतील?

चालत नाहीत. वेगात हवा ट्रेच्या कडेत शिरते आणि तो फडफडत रस्त्याला लागतो. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे काढतानाच पुठ्ठ्यावर ट्रेचं चित्र काढून ज्या त्या जागी खोचत जा. खालच्या धुळीने क्लिपा कडक होऊन तुटतात, पाच-सहा जादा आणून ठेवा.

सर्व्हिसचा दिवा अजून लागतोच आहे.

तुम्ही ऑइल बदललं हे त्याला आपोआप कळत नाही. तो दिवस आणि किलोमीटर मोजतो, काही गाड्यांत गाडी कशी चालवली तेही धरतो. मेनूमधून किंवा बटण दाबून धरून रिसेट करावा लागतो, कृती मॅन्युअलमध्ये आहे. काही गाड्यांना स्कॅनर लागतो. त्याच वेळी तारीख, किलोमीटर, ऑइलचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि फिल्टरचा नंबर एका वहीत लिहा, बिलं त्याच वहीत चिकटवा. गाडी विकताना घेणारा आधी ती वही मागतो.